उपवासाच्या मुलखातली मेजवानी

दिजाँच्या राजवाड्यात लोक जातात ते थडगी बघायला. बर्गंडीच्या ड्यूकांची ती थडगी आणि त्यांच्या खालच्या कमानींतून चालणाऱ्या शोकमग्न माणसांच्या हातभर मूर्ती बघण्यासारख्या आहेतच. पण ताईला आधी मुदपाकखाना बघायचा होता. "माणूस कसा पुरला ते नंतर बघू, तो खात काय होता ते आधी सांग," असं तिचं म्हणणं. म्हणून आम्ही संग्रहालयाच्या रांगेला वळसा घालून आतल्या चौकात गेलो.

मुदपाकखाना आज रिकामा आहे. दगडी दालन, भिंतींत माणूस ताठ उभा राहील एवढ्या चुली, आणि छताच्या कमानी जिथे एकवटतात तिथे धूर जायला मधोमध मोकळं तोंड. फिलिप द गुड या ड्यूकने तो १४३०च्या दशकात बांधून घेतला. १३६३ ते १४७७ या काळात बर्गंडीवर चार ड्यूक झाले. नावाला ते फ्रान्सच्या राजाचे मांडलिक. प्रत्यक्षात त्यांचा मुलूख इथल्या द्राक्षमळ्यांपासून थेट उत्तरेच्या समुद्रापर्यंत, फ्लँडर्स आणि हॉलंडपर्यंत पसरला. म्हणजे घरची वाइन एका टोकाला आणि हेरिंग मासळी दुसऱ्या टोकाला. मेजवानीला आणखी काय लागतं?

या घराण्याचा एक जुना सेवक, ओलिव्हिए द ला मार्श, याने १४७४ साली ड्यूकच्या घरातल्या व्यवस्थेचं सविस्तर टिपण लिहिलं. इंग्लंडच्या राजाला असाच थाट उभारायचा होता, त्याने ते मागवलं होतं. त्यात मुख्य आचाऱ्याचं जे चित्र आहे ते मला कुठल्याही राजाच्या तैलचित्रापेक्षा जास्त आवडतं. चूल आणि ताटं मांडायचं फडताळ यांच्यामध्ये त्याची खुर्ची असे, सगळ्या मुदपाकखान्यावर नजर राहील अशी. हातात मोठा लाकडी डाव. या डावाची कामं दोन: सार आणि रस्से चाखणं, आणि पोरांना मुदपाकखान्याबाहेर पिटाळणं, वेळ पडली तर एखादा तडाखा देऊन. आचाऱ्याची जागा रिकामी झाली की नवा आचारी मुदपाकखान्यातल्या मंडळींच्या मताने निवडला जाई, आणि मत शपथेवर द्यावं लागे. हंगामातली पहिली ट्रफल किंवा पहिली ताजी हेरिंग आली, तर तो मशाल हातात घेऊन स्वतः ड्यूकच्या टेबलापर्यंत ते ताट नेत असे.

एवढा मान, तरी आचारी सगळ्यांत वरचा नव्हता. पाव सांभाळणारा आणि वाइन सांभाळणारा हे दोन अधिकारी त्याच्याहून आणि मांस कापून वाढणाऱ्याहूनही वरचे. कारण पाव आणि वाइन या चर्चमधल्या प्रसादाच्या वस्तू. मध्ययुगातल्या युरोपीय जेवणाचा हा कणा समजला, की पुढचं बरंच उलगडतं.

आता त्या चुलींवर शिजायचं काय? आज युरोपी म्हणून जे ओळखू येतं, त्यातलं बरंचसं नव्हतंच. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, ढोबळी मिरची नाही. ही सगळी अमेरिकेची देणगी, कोलंबसानंतरची. मिरची तर तेव्हा आपल्याकडेही नव्हती. यादवकाळातल्या स्वयंपाकालाही तिखट म्हणून मिरं, पिंपळी आणि आलं यांचाच आधार होता. आणि नेमकी हीच तिन्ही बर्गंडीच्या मुदपाकखान्यात होती! फ्रेंच राजाचा आचारी तायव्हाँ याच्या नावाने चालणाऱ्या 'व्हियांदिए' या पाकपुस्तकात मसाल्यांची यादी आहे. दालचिनी, लवंग, जायपत्री, केशर यांच्या जोडीला तिथे पिंपळीही येते. ताईच्या लेखी पिंपळी म्हणजे मधातून द्यायचं खोकल्याचं औषध. ते रश्शात घालतात हे तिला फारसं पटलं नाही.

त्या काळचे रस्से आजच्या फ्रेंच सॉसपेक्षा अगदी निराळे. लोणी आणि मैद्याचा दाटपणा नाही. कामलीन नावाचा रस्सा सगळ्यांत लोकप्रिय: दालचिनी, आलं, लवंग कुटायची, पाव व्हिनेगरमध्ये भिजवून वाटायचा, आणि दोन्ही एकत्र गाळून घ्यायचं. आंबट, तिखट, पातळ. दाटपणा हवा तर पाव नाहीतर बदाम. शिवाय रंगाची भारी हौस. केशराने पिवळं, पार्सलीने हिरवं. श्रीमंतांच्या ताटात गोड आणि तिखट यांची फारकत झालेली नव्हती. साखर हाही मसालाच, आणि मांसावर ती खुशाल भुरभुरली जाई.

मसाले सडक्या मांसाचा वास झाकायला वापरत, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकांपासून पर्यटकांच्या वाटाड्यांपर्यंत सगळे सांगतात. ती खरी धरायला काही आधार दिसत नाही. मिरं आणि लवंग परवडणाऱ्याला ताजं मांस सहज परवडत होतं. जनावर गावातच कापलं जाई, आणि शिळं मांस विकणाऱ्या खाटकाला दंड होई. मसाला वापरायचा तो चवीसाठी, श्रीमंती दाखवण्यासाठी आणि तिसरं म्हणजे वैद्यकासाठी. प्रत्येक पदार्थ उष्ण की थंड, कोरडा की ओलसर, हे ग्रीक वैद्यकातून आलेलं गणित युरोपचे वैद्य आणि आचारी दोघंही पाळत. मासा थंड आणि ओला, म्हणून त्याच्यावर उष्ण, कोरडा मसाला. हे ऐकून ताईने मान डोलावली. इथे तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मिरं मलबारहून अरबी समुद्र ओलांडून इजिप्तला, तिथून व्हेनिसच्या जहाजांतून युरोपला यायचं. ते कसं उगवतं याची युरोपला शतकानुशतकं कल्पना नव्हती. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इझिडोरने लिहून ठेवलं होतं की मिऱ्याच्या रानांवर सापांचा पहारा असतो, लोक सापांना हुसकायला रान पेटवतात, आणि म्हणून मिरं काळं. मिऱ्याची वेल खरी कशी असते हे लिहून ठेवणाऱ्यांपैकी एकाचा आपल्या ठाण्याशी संबंध आहे. ओदोरिको हा इटलीच्या पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन संन्यासी. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्यानंतर थोड्याच काळात तो तिथे पोचला. त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन तो मलबारमार्गे चीनला गेला. मिऱ्याचं वर्णन करताना हा द्राक्षांच्या मुलखातला माणूस सांगतो, की आमच्याकडे द्राक्षवेल जशी झाडावर चढवतात तशी ही वेल उंच झाडांवर चढवतात, आणि तिला द्राक्षांसारखे घोस लागतात. साप आणि त्यांच्यासाठी पेटवलेली आग मात्र त्याच्याही वर्णनात आहेत.

मेजवानीचं टोक म्हणजे १७ फेब्रुवारी १४५४ ची लील शहरातली 'फेझंटची मेजवानी'. आदल्या वर्षी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं होतं, आणि फिलिप द गुडला धर्मयुद्धाची घोषणा करायची होती. टेबलांवर देखावे उभारले होते. एका प्रचंड पायमध्ये २८ वादक बसून वाजवत होते. एका स्त्रीच्या पुतळ्याच्या स्तनातून मसालेदार वाइन वाहत होती, आणि राखणीला जिवंत सिंह बांधलेला. शेवटी रत्नजडित सोन्याचा पट्टा घातलेला जिवंत फेझंट आणला, आणि त्याच्या साक्षीने ड्यूकने आणि सरदारांनी शपथा घेतल्या. धर्मयुद्धाला ड्यूक गेला नाही तो नाहीच. जेवण मात्र इतिहासात जमा झालं.

अशा जेवणात ताटाऐवजी पावाची जाड चकती असे. पॅरिसच्या एका वयस्क गृहस्थाने १३९३च्या सुमारास आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी घरकामाचं पुस्तक लिहिलं, 'मेनाजिए द पारी'. ताटासाठीचे पाव चार दिवस आधी भाजलेले असावेत, असा त्याचा बारकावा आहे. ताजा पाव रस्सा पितो आणि फाटतो. जेवण झाल्यावर रश्शात भिजलेल्या या चकत्या गरिबांना जात. काटे नव्हते, सुरी, चमचा आणि तीन बोटं. दोघांत मिळून एक वाडगा, कधी एकच पेला. त्याच पुस्तकात इपोक्रासची कृती आहे: दालचिनी, आलं आणि इतर मसाल्यांची पूड, साखर आणि लाल वाइन, आणि मग ते सगळं कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळायचं. जेवणाच्या शेवटी पचनासाठी ती प्यायची. दिजाँच्या एका छोट्या दुकानात आम्हाला ती चाखायला मिळाली. दालचिनीचा काढा कुणीतरी उंची कपडे घालून आणावा तशी लागली. मला आवडली, ताईने पेला माझ्याकडे सरकवला.

दिजाँहून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला एक लांबलचक ठेंगणा उतार सोबत चालतो. जगातली काही सगळ्यांत महाग द्राक्षं त्या उतारावर आहेत. पण आम्ही न्वी-साँ-जॉर्जला आगगाडीतून उतरलो आणि उताराकडे पाठ करून टॅक्सीने पूर्वेच्या सपाट, दमट रानात गेलो. तिथे सितोचा मठ आहे. बस क्वचित, परतीची टॅक्सी सांगून ठेवलेली बरी.

सितोला बघायला फार काही नाही, आणि ते आधीच सांगितलेलं चांगलं. १०९८ साली मोलेमचा रॉबर्ट काही संन्याशांना घेऊन इथल्या दलदलीत आला, कारण जुन्या मठांत नियम ढिले झाले होते. इथून सिस्टर्शियन पंथ युरोपभर गेला. फ्रेंच क्रांतीत मठ विकला गेला, दगड लोकांनी नेले. १५०९ सालचं ग्रंथालय आणि नंतरच्या थोड्याच इमारती उभ्या आहेत. संन्यासी १८९८ मध्ये परतले, आणि १९२५ पासून आपल्या गायींच्या दुधाचं चीज करतात. मऊ, गेरूसर सालीचं, वास जास्त आणि चव सौम्य. मठाच्या दुकानात मिळतं.

पण या ठिकाणी येऊन मध्ययुगीन जेवणाची खरी गुरुकिल्ली हाती लागते, आणि ती म्हणजे उपवास.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले. दिवसाला एक पौंड पाव, दोन शिजवलेले पदार्थ, चार पायांच्या प्राण्याचं मांस फक्त आजाऱ्याला. आणि वाइनचं एक माप, साधारण पाव ते अर्धा लिटर, नेमकं किती यावर विद्वानांचे वाद आहेत. बेनेडिक्टला वाइन संन्याशाला शोभते असं वाटत नव्हतंच; पण आमच्या काळातल्या संन्याशांना ते पटवणं अवघड, तेव्हा निदान बेताने प्या, अशा नाइलाजाने त्याने ती मंजूर केली. मठांच्या द्राक्षमळ्यांचा सगळा डोलारा या नाइलाजावर आणि चर्चमधल्या प्रसादाच्या गरजेवर उभा आहे.

उपवास फक्त संन्याशांना नव्हता. ईस्टरआधीचे चाळीस दिवस, दर शुक्रवार, बहुतेक ठिकाणी शनिवार, अनेकदा बुधवार, सणांचे आदले दिवस, असं धरलं तर वर्षातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दिवस सगळ्यांनाच मांस वर्ज्य होतं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत तर दूध, लोणी, अंडीही बंद. मग चालायचं काय? मासे. समुद्र दूर, म्हणून खारवलेली हेरिंग पिंपांतून यायची, आणि मठ आपली तळी खोदून कार्प नि पाइक पाळायचे. बीव्हरचं शेपूट पाण्यातलं, खवल्यांसारखं दिसणारं, म्हणून तेही मासा ठरलं.

दुधाची जागा बदामाने घेतली. बदाम सोलून कुटायचे, गरम पाणी घालून फडक्यातून पिळून काढायचे, की दूध तयार. त्यात भात शिजवायचा, मासा शिजवायचा, आटवून खरवसासारखं घट्ट करायचं. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी पाकपुस्तकात तर अंड्याच्या कवचाला भोक पाडून आतलं काढून टाकायचं, धुवायचं, आणि आत बदामाचं पांढरं वाटण नि मधोमध केशर घातलेलं पिवळं वाटण भरायचं, अशी कृती आहे. उपवासाचं उकडलेलं अंडं! मी हे वाचून दाखवलं आणि ताई एवढंच म्हणाली, "एकादशी, दुप्पट खाशी."

साबुदाण्याचे वडे, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मनाई आली की आचाऱ्याची बुद्धी चालायला लागते. शेजारच्या साव्हॉयच्या ड्यूकचा आचारी शीकार याने १४२० साली आपल्या कलेचं पुस्तक सांगून लिहवून घेतलं. मोठ्या मेजवानीसाठी दिवसाला १०० बैल, १३० मेंढ्या आणि १२० डुकरं लागतील असा त्याचा हिशोब. पण त्याचबरोबर मेजवानीत उपवासाचा दिवस आला तर, म्हणून त्याने मांसाच्या पदार्थांना माशांचे जोडीदारही देऊन ठेवले आहेत. सूट विकतही मिळे. रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. उपवासात लोणी खायची परवानगी देऊन जमवलेल्या पैशांतून तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागला.

सितोत आलेल्या तरुणांपैकी सगळ्यांत प्रसिद्ध झाला तो बर्नार्ड, पुढे क्लेअरव्होचा मठाधिपती. त्याने ११२५च्या सुमारास बर्गंडीतल्याच क्ल्यूनी या वैभवशाली मठावर एक जळजळीत टीका लिहिली. मांस नाही म्हणून एकामागून एक माशांची ताटं. अंडी तर उलटसुलट करून, फेटून, तळून, भाजून, भरून, नाना रूपांत. आणि वाइन अशी की जेवताना तीन-चार वेळा पेले आणून वास घेऊन सगळ्यांत जोरदार कोणती ते ठरवायचं. रागाच्या भरात बर्नार्डने क्ल्यूनीच्या जेवणाचा जो तपशील नोंदवून ठेवला, तो एखाद्या खवय्यालाही जमला नसता. गंमत अशी, की आज चोखंदळ वाइनसाठी नाव घेतलं जातं ते बर्नार्डच्याच पंथाचं.

ते का, हे द्राक्षांच्या उतारावरच्या व्हूजो गावात समजतं. सिस्टर्शियनांनी बाराव्या शतकापासून इथे तुकड्यातुकड्याने जमीन मिळवली, देणगीतून, खरेदीतून, अदलाबदलीतून, आणि तिच्याभोवती दगडी भिंत घातली. 'क्लो द व्हूजो' हा सुमारे ५० हेक्टरचा मळा अजून त्या भिंतीच्या आत आहे. संन्यासी माती चाखून मळ्याच्या सीमा ठरवत, असं इथे हमखास सांगतात. मला ती गोष्ट वाटते. खरं कारण जास्त साधं आहे. मठ मरत नाही, त्याच्या वाटण्या होत नाहीत, आणि तो हिशोब लिहून ठेवतो. कुठल्या तुकड्यात बर्फ आधी वितळतं, कुठे पाणी साचतं, कुठली वाइन टिकली, हे सात शतकं एकाच घराने पाहिलं तर जमिनीचा स्वभाव कळणारच. भिंत एकच राहिली, मालक मात्र एक राहिला नाही. क्रांतीनंतर विक्री आणि वाटण्या होत होत आज या एका मळ्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. बर्गंडीतल्या अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

मळ्यातली गढी सोळाव्या शतकातली, पण तिथे बाराव्या शतकातलं जमिनीवरचं तळघरासारखं गार कोठार आणि द्राक्षं दाबायचे चार अजस्र लाकडी चाप आहेत. एकेक तुळई ओकच्या आख्ख्या खोडाची. आधी कुंडात द्राक्षं पायांनी तुडवायची, मग साली या तुळयांखाली दाबायच्या. एका तुळईवर मी हात ठेवून बघितला. कुऱ्हाडीचे छिलके निघाल्याच्या खुणा अजून बोटांना लागतात, आणि जिथे माणसं रेटत असतील तिथे लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं आहे.

यातून निघणारी वाइन आजच्यासारखी नव्हती. रंग बहुधा फिका, साली फार दिवस मुरवत नसत. काचेच्या बाटल्या आणि बूच यांचा जमाना अजून दूर होता; वाइन पिंपात राही, पिंप रिकामं होत गेलं की हवा शिरे, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती आंबायला लागे. म्हणून जुनी वाइन स्वस्त आणि नवी महाग, आजच्या नेमकं उलट. आणि ज्या शेतकऱ्याने मळा खणला, छाटला, त्याच्या वाट्याला चोथ्यावर पाणी ओतून काढलेला पातळ, आंबट 'पिकेत'. जेवायला राय किंवा मिश्र धान्याचा काळसर पाव, वाटाणे, कोबी आणि डुकराच्या चरबीचा तुकडा घातलेलं एकाच भांड्यातलं सार. दळण गढीच्या चक्कीवर, द्राक्षं गढीच्या चापावर, आणि दोन्हीचा हिस्सा मालकाला. तोडणी कधी सुरू करायची तेही वरून जाहीर व्हायचं. हे सांगायला व्हूजोच्या गढीत एकही पाटी नाही, ही उणीव मला खटकली.

शेवटचा मुक्काम बोन. चौदाव्या शतकात पोपचा दरबार रोमऐवजी आव्हिन्याँला होता, तिथे इथली वाइन जाई. इटालियन कवी पेत्रार्कला पोप रोमला परत हवा होता, आणि कार्डिनल मंडळी हलत नाहीत याचं एक कारण त्याने लिहिलं, की त्यांना बोनच्या वाइनशिवाय आयुष्यात सुख वाटत नाही. एवढं नाव झालं की ते सांभाळावं लागतं. १३४८च्या प्लेगनंतर मजूर मिळेनात, तेव्हा शेतकऱ्यांनी गामे ही लवकर पिकणारी, भरघोस येणारी द्राक्षजात लावायला सुरुवात केली. ३१ जुलै १३९५ रोजी चार ड्यूकांपैकी पहिल्या, फिलिप द बोल्डने हुकूम काढला: ही बेइमान वेल अपायकारक आहे, पुढच्या ईस्टरच्या आत मुळासकट उपटा. द्राक्षांना शेणखत घालायलाही बंदी. हुकमाचा तोटा अर्थातच लहान शेतकऱ्याला. पण बर्गंडीत पिनो न्वार ही द्राक्षजात टिकली ती अशा धाकाने. गामे दक्षिणेला बोजोलेत नांदते.

बोनला येणारे सगळे ओतेल-दिए बघायला येतात, आणि यावंच. फिलिप द गुडचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी हे रुग्णालय काढलं. पहिला रुग्ण १ जानेवारी १४५२ला आला, आणि १९७१पर्यंत इथे रुग्ण होते. रोलँने इतक्यांना गरीब केलं की त्यांच्यासाठी घर बांधणं त्याला भागच होतं, असं फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणाल्याचं सांगतात. रंगीत कौलांचं छप्पर, ५० मीटर लांब दालन, दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा, आणि टोकाला देवघर, पडल्या पडल्या प्रार्थना दिसावी म्हणून. रोगिएर फान डेर वेडेनचं 'अंतिम न्याय' हे चित्र त्या देवघरात असायचं, सणावारी उघडलं जायचं. रुग्णांना वाइन मिळायची, ती औषध आणि अन्न दोन्ही म्हणून. लोकांनी मळे दान केले, ते आजही संस्थेकडे आहेत, आणि त्यांची वाइन १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलावाने विकली जाते. तो पैसा बोनच्या आजच्या रुग्णालयाला जातो.

ताई मात्र रमली ती इथल्या मोहरीच्या गिरणीत. १८४० पासून चालणारी गिरणी, अजून दगडी जात्यांवर दळते. मध्ययुगात मोहरी हा गरिबाचाही परवडणारा मसाला होता. मिरं समुद्रापलीकडून, मोहरी परसातली. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, व्हेरजू, किंवा व्हिनेगर घालून ती वाटायची. खारवलेलं मांस आणि हेरिंग यांच्याशी तिची जोडी. गिरणीत वाटून झालेली मोहरी लगेच चाखायला देतात. आपल्या फोडणीतल्या मोहरीचा ओळखीचा खमंगपणा तिच्यात अजिबात नाही. ती सरळ नाकात जाते आणि डोळ्यांत पाणी आणते.

मात्र परसातली ही मोहरी विसाव्या शतकात परसातून गेली. दिजाँ पद्धतीच्या मोहरीचं बहुतेक बी कॅनडाहून येऊ लागलं. २०२१ साली तिथे उष्णतेने पीक करपलं आणि २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दुकानांत मोहरीच्या फळ्या रिकाम्या झाल्या. माणशी एकच बरणी, असे कागद चिकटवले गेले. तेव्हापासून बर्गंडीतल्या शेतकऱ्यांनी मोहरीचा पेरा वाढवला आहे. बरणीवर 'मुतार्द द बुर्गोन्य' असं लिहिलेलं असेल तर बी आणि वाइन दोन्ही इथलं. दिजाँचं नाव असलेली बरणी मात्र कुठेही भरलेली असू शकते, कारण ते नाव नुसती पद्धत सांगतं. घेताना लेबल वाचून घ्यावं.